चौथ्या थरातलं साळिंदर

"ओ कुंदाबाई, इकडं या की जरा. ह्ये बगा काय गावलं!"

सोजरबाईंना दर अर्ध्या तासाला काहीतरी गावत असे. कधी गोगलगायीचा शंख, कधी बाभळीची गाठ, एकदा तर स्वतःच्याच फुटलेल्या बांगडीचा तुकडा. म्हणून मी पेनाला टोपण लावलं, शाईची बाटली बंद केली, पदर खोचला आणि रमतगमत नदीचा उतार उतरले. घाई करायची मला सवय नव्हती. सोनाराच्या घरात मुलीला घाई शिकवत नाहीत.

हे एक्क्याऐंशी सालच्या मार्चमधलं. मांजरेच्या काठी हिंगणवाडीला आमचा तळ होता. तीन तंबू, एक चूल आणि काठावर खणलेले पाच चौकोनी खड्डे. रिसबूड सर नऊ वर्षं तिथली माती खणत होते. हजारो वर्षांपूर्वी या नदीत वाहून आलेली, गाळात रुतलेली जनावरांची हाडं शोधायची, हा त्यांचा धंदा. आणि निघालेल्या प्रत्येक हाडाचं चित्र काढायचं, हा माझा. फोटोपेक्षा सरांचा माझ्या चित्रावर भरवसा जास्त. त्यांची नजर तेव्हाच अधू झाली होती. "कुंदा, मी हाड हातानं बघतो आणि तुझ्या चित्रात डोळ्यांनी बघतो," असं ते चारचौघांत म्हणत, आणि मी दिवसभर हवेत चालत असे.

सोजरबाई चाळणीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. खड्ड्यातली माती पाट्यांनी वर यायची, ती चाळायची, आणि वर राहिलेल्या खड्यांतून हाडाचे कपचे, दात वेचायचे, हे त्यांचं काम. पन्नाशीची बाई, तोंडात सतत सुपारी, आणि बोलणं असं की समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत त्या पुढच्या विषयावर गेलेल्या असत. त्यांनी तळहात पुढे केला.

त्यावर एक दात होता. करंगळीएवढा लांब, कमानीसारखा वाकलेला, काळपट तपकिरी. पुढची बाजू गुळगुळीत आणि टोक पटाशीसारखं सपाट.

"साळिंदराचा हाय," सोजरबाई म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत?"

"घ्या! आमच्या सासऱ्याचा जलम गेला भुईमुगाच्या रानात साळिंदरं हाकलण्यात. मेलेल्या साळिंदराचे दात म्या किती बघितले. असाच वाकडा आसतोय. पर त्यो एवढुसा." त्यांनी करंगळीची दोन पेरं दाखवली. "ह्यो त्येच्या आज्ज्याचा आज्जा दिसूलालाय. बकऱ्याएवढं आसंल जनावर!"

मी हसले. पण हसता हसता कमरेला खोचलेल्या वहीतून चिठ्ठी फाडली, कारण ती रीत होती. खणकामात बाकी काही चुकलं तरी चालतं, ही एक गोष्ट चुकून चालत नाही. वस्तू चाळणीवरून उचलायच्या आधी चिठ्ठी लिहायची. कुठला खड्डा, कुठला थर, तारीख. मग नोंदवहीत ओळ. मग त्या हाडावरच काळ्या शाईनं मुंगीएवढा नंबर घालायचा. नंबर नसलेलं हाड म्हणजे पत्ता नसलेलं पत्र, ते कुणालाच पोचत नाही, असं सर नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगत. नोंदवही लिहिणारा विद्यार्थी बहिणीच्या लग्नाला गेला होता, सर पुस्तकाच्या कामाला पुण्याला गेले होते, आणि त्या दोन दिवसांपुरती वही माझ्याकडे होती.

खड्डा तीन, मी लिहिलं. थर चार.

आणि चारचा आकडा काढताना माझा हात थांबला.

खड्डा तीन, थर चार ही सरांची सगळी कमाई होती. दोन वर्षांपूर्वी तिथूनच ते हाड निघालं होतं. एका रानबैलाच्या पायाचं हाड, वीतभर लांब, आणि त्यावर एकाखाली एक अशा अकरा आडव्या रेघा. सरांचं म्हणणं, त्या रेघा माणसानं ओढल्यात. दगडाच्या पात्यानं, मुद्दाम, एकेक करून. म्हणजे इतक्या जुन्या काळात इथं माणूस होता, आणि नुसता होता असं नाही, तो काहीतरी खूण करत होता. मराठवाड्याच्या गाळात काय मिळणार, असं म्हणून ज्यांनी सरांना आयुष्यभर हसण्यावारी नेलं होतं, त्यांची तोंडं त्या हाडानं बंद झाली होती.

शंका काढणारे होतेच. एखाद्या जनावरानं हाड कुरतडलं असेल, असं ते म्हणत. सरांनी त्यांच्यासाठी पुस्तकात अख्खं पाचवं प्रकरण लिहिलं होतं. त्यातलं म्हणणं अगदी साधं. हाड कुरतडणारं इथलं मोठं जनावर म्हणजे साळिंदर. पण साळिंदराचा दात अरुंद, आणि या रेघा त्याच्या दीडपट रुंद. एवढ्या रुंद दाताचं कुरतडणारं जनावर या खोऱ्यात कधीच सापडलेलं नाही. शिवाय रेघा आडव्या कापल्या तर आतून कशा दिसतील, ते छेद मी कागदावर काढले होते, त्यांत प्रत्येक रेघेचा तळ टोकदार दिसत होता, पात्यानं कापल्यावर होतो तसा. तेव्हा ही दाताची करणी नव्हे, हाताची आहे.

पुस्तक छापायला गेलं होतं. जूनमध्ये सर निवृत्त होणार होते. आणि माझ्या तळहातावर दीडपट रुंद दात होता.

"सोजरबाई," मी म्हणाले, "साळिंदर हाड कशाला कुरतडेल? ते तर मुळं खातं, भुईमूग खातं."

"खात न्हाई वो, घासतंय. त्येचे दात वाढतच राहतेत. घासले न्हाईत तर तोंड मिटायचं न्हाई. चला दावते."

दुपारच्या सुट्टीत त्या मला गावामागच्या टेकाडावर घेऊन गेल्या. करवंदीच्या जाळीखाली एक बीळ होतं, आत माणूस रांगत जाईल एवढं. तोंडाशी पांढरे-काळे काटे पडले होते. मी एक उचलायला वाकले तर सोजरबाईंनी माझा हात धरला. "घरी नेऊ नका. घरात भांडणं लागतेत त्यानं."

"मला भांडायला घरात आहे कोण?" मी म्हणाले. एकोणतीस वर्षांची होते, बिनलग्नाची, आणि सगळ्या नात्यागोत्याला त्याची माझ्यापेक्षा जास्त काळजी होती.

"मंग तर अजाबात नेऊ नका. सोताशीच भांडत बसचाल."

त्यांनी काठीनं बिळातून हाडं ओढून काढली. बकरीची, वासराची, उन्हानं पांढरी पडलेली. त्यांतलं एक मी हातात घेऊन फिरवलं. त्यावर रेघा होत्या. आडव्या, एकाखाली एक, नीट ओळीत. कुणी पट्टी लावून ओढाव्यात तशा.

तळावर परत आले ते थेट तंबूत. मूळ हाड पुण्याला कुलपात होतं, पण त्याची प्लॅस्टरची प्रतिकृती गावकऱ्यांना दाखवायला सर इथं ठेवत. मी ती मांडीवर घेतली आणि दाताचं टोक पहिल्या रेघेत ठेवलं. कोंदणात खडा बसावा तसं ते बसलं. दुसऱ्या रेघेत ठेवलं, तिथंही बसलं. मी अकराही रेघांत ठेवून बघितलं. एकदा नाही, तीनदा. वडील खडा बसवताना श्वास रोखायचे, तसा माझाही रोखला गेला होता.

माणूस नव्हताच तिथं. एक भलंमोठं साळिंदर होतं, जे आता पृथ्वीच्या पाठीवर उरलेलं नाही, आणि ते दात घाशीत बसलं होतं.

मी तो दात आणि चिठ्ठी काड्यापेटीत घातली. वहीतली ओळ आणि दातावरचा नंबर राहूनच गेले. हा दात सरांना दिला की पाचवं प्रकरण गेलं. पाचवं प्रकरण गेलं की पुस्तक गेलं. नऊ वर्षं उन्हातान्हात राबलेला माणूस तीन महिन्यांनी घरी जाणार तो हसं होऊन. हे सगळं मला लख्ख दिसत होतं. तरीही मी ठरवलं, उद्या सर आले की सांगायचं. ठरवलं होतं, हे खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या एसटीनं सर आले. फाट्यापासून तळापर्यंत दोन मैल चालत, डोक्यावर छत्री, काखेत कागदाची लांब गुंडाळी. त्यांना चहासुद्धा सुचत नव्हता. टेबलावरची माझी चित्रं त्यांनी आधी एका बाजूला केली, आणि गुंडाळी उलगडली.

पुस्तकाचं वेष्टण होतं ते. त्यावर माझं चित्र. ते हाड, त्या अकरा रेघा, ठिपका ठिपका करून मी चाळीस दिवसांत उभ्या केलेल्या. काळ्याभोर कागदावर ते हाड दागिन्यासारखं उठून दिसत होतं.

"गुंडाळीत आतलं पानही आहे, ते बघ," सर म्हणाले.

आतल्या पानावर सरांचं नाव होतं आणि लगेच त्याखाली, तेवढ्याच मोठ्या टायपात, 'रेखाटने : कुंदा दहिवाळ'.

"छापखानेवाला म्हणाला, नाव लहान करा, जागा नाही. मी म्हटलं, मग माझं लहान करा." सर हसले. "कुंदा, गाडीत मी एकच विचार करत होतो. अकराच रेघा का? त्याला काय मोजायचं असेल? मला वाटतं, तो दिवस मोजत असावा. पूर आला असेल, पलीकडच्या काठावर त्याची माणसं अडकली असतील. बसला असेल इथंच कुठंतरी, पाणी उतरायची वाट बघत. रोज एक रेघ."

त्यांचे डोळे जाड भिंगांमागे पाणावले होते. काड्यापेटी माझ्या पेनांच्या डब्यात होती, हातभर अंतरावर. मी डब्याचं झाकण उघडलं. खरंच उघडलं.

तेवढ्यात तंबूच्या दारात सोजरबाई आल्या. "रामराम सायब. बाईनं दात दावला का तुमाला?"

"दात? कसला दात?"

सर माझ्याकडे वळले. मी झाकण लावलं.

"तो दात नव्हता, सर," मी म्हणाले. "गारगोटी निघाली. वाकडी होती म्हणून वाटलं."

"बघू."

"टाकून दिली."

"असं करू नये गं. गारगोटी असली तरी नोंदवावी." एवढंच म्हणून ते पुन्हा वेष्टणाकडे वळले. त्यांच्या मनात शंकेचा लवलेशही नव्हता. माझ्यावर शंका घ्यायची असते हेच त्यांना माहीत नव्हतं.

सोजरबाई मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. मग सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून म्हणाल्या, "बाई शिकलेल्या हाईत. गारगोटी मनल्या तर गारगोटीच आसंल." आणि त्या चाळणीकडे निघून गेल्या.

मी त्यांच्यामागे धावले. चाळणीशेजारी तिसऱ्या खड्ड्याच्या मातीचा ढीग होता, अजून निम्माअधिक चाळायचा राहिलेला.

"हा आता चाळू नका," मी म्हणाले. "परवा तळ हलवायचाय, खड्डे बुजवायचेत. तसाच आत ढकला."

"बाई, त्येच्यात आजून आसंल की. दात गावलाय, मंग तोंड बी आसंल."

"ढकला म्हटलं ना!"

इतक्या वर्षांत मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्यांनी फावडं उचललं. बाकीच्या बायांनाही बोलावलं, आणि तासाभरात तो ढीग खड्ड्यात गेला. मी तिथं उभी राहून शेवटची पाटी पडेपर्यंत बघितलं. परत येताना चिठ्ठी चहाच्या चुलीत टाकली. दात टाकवेना. का ते आजही सांगता येत नाही. तो मी ट्रंकेच्या तळाशी, साड्यांखाली ठेवला.

त्या पावसाळ्यात खालच्या अंगाला बांधत असलेला तलाव भरला आणि दिवाळीपर्यंत पाचही खड्डे पाण्याखाली गेले. मला सुटल्यासारखं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई म्हणायची, आणि ही मूठ तर आता तीस फूट पाण्यानं झाकली होती.

पुस्तक आलं आणि गाजलं. सरांना हार पडले, शाली पडल्या. हिंगणवाडीच्या शाळेनं भिंतीवर माझं चित्र रंगवून घेतलं. चार वर्षं हे चाललं. मग एका तरुण संशोधकानं ते हाड पुण्याला येऊन सूक्ष्मदर्शकाखाली घातलं आणि लेख लिहिला. रेघांवरचा चुन्याचा थर त्यानं औषधानं काढला होता, आणि तळ टोकदार नव्हता, सपाट होता. कुरतडल्याच्या खुणा, त्यानं निकाल दिला. साळिंदर नाही म्हणता तर दुसरं कुठलं तरी जनावर, पण जनावरच.

मग काय, ज्यांनी हार घातले होते त्यांनाच ऊत आला. सभांमध्ये 'रिसबूडांचा उंदीर' हा विनोद झाला. मी स्वतः एका चहापानात तो ऐकला आणि कपबशी ठेवून बाहेर आले. सर मात्र कुणाला उत्तर द्यायला गेले नाहीत. त्यांनी एक चाळणी घेतली, आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, बुबुळं पांढुरकी झालेली असताना, ते एकटेच नदीकाठं फिरू लागले. तलावाच्या वर, तलावाच्या खाली, जिथं तसला थर उघडा दिसेल तिथं. तीन उन्हाळे. सरांची बायको, आमच्या काकू, मला म्हणाल्या, "अगं, दात शोधतात. रुंद दात. झोपेतसुद्धा तेच."

मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय. असा दात कुठंच नाही हे सिद्ध करायला निघालाय. ते नदीच्या वाळवंटात वाकलेले, हातानं माती चाचपणारे सर डोळ्यांसमोर आले की मला जेवण जात नसे. शेवटी अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये, एका रविवारी सकाळी, मी काड्यापेटी घेऊन एरंडवण्यात त्यांच्या घरी गेले. काकू देवळात गेल्या होत्या. सर ओसरीवर खुर्चीत बसून होते. मी तो दात त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी अंगठा फिरवला. एकदा आतल्या कमानीवरून, एकदा पुढच्या बाजूवरून, मग टोकावर. आणि खुर्चीतून ताडकन उठले.

"अगं!" ते म्हणाले. "अगं कुंदा, हे साळिंदर आहे!"

"हो, सर."

"केवढं आहे हे! आजच्याच्या दीडपट, म्हणजे वजनाला तिप्पट तरी. बकरीएवढं साळिंदर! कुणी पाहिलेलं नाही हे, कुणी नाव ठेवलेलं नाही याला." ते भिंग शोधत होते आणि भिंग त्यांच्या गळ्यातच होतं. "आणि रेघा, कुंदा! त्या अकरा रेघा यानंच ओढल्या! दात घाशीत बसलं होतं लेकाचं, आणि मी त्याला दिवस मोजायला लावले!"

ते हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले, डोळे पुसून पुन्हा हसले. नऊ वर्षांच्या तळावर मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं, वेष्टण आलं त्या दिवशीसुद्धा नाही. मलाही हसू फुटलं. मला वाटलं, सुटले मी. सात वर्षं उगाच जीव जाळला.

"लिहायलाच बसतो आता," सर म्हणाले. "आधी लिहायचं, मी चुकलो. आणि दुसऱ्या ओळीत याला उभं करायचं. कुठला हा? कुठं मिळाला?" त्यांनी दात बाहेरच्या उजेडात धरला आणि उलटा केला. मग पुन्हा सुलटा. मग टोकाकडून, मग मुळाकडून. "नंबर दिसत नाही मला. बघ गं जरा, पुसला गेलाय का?"

"नंबर घातला नव्हता, सर."

"नव्हता म्हणजे?"

मी सांगितलं. खड्डा तीन, थर चार. सोजरबाई, चिठ्ठी, चूल. गारगोटीचं खोटं. सर उभेच होते. मी बोलत गेले तसे ते हळूहळू खुर्चीत बसले.

"मला पक्कं आठवतं, सर. मी शपथेवर सांगेन, तोच थर होता."

"शपथ कोर्टात चालते, कुंदा," ते म्हणाले. "उद्या मी हा दात पुढे केला तर लोक काय म्हणतील? रिसबूड पडला, आणि पडल्यावर आपल्या चित्रकारणीच्या ट्रंकेतून एक दात घेऊन आला. त्यांचं बरोबरच असेल. मीसुद्धा तेच म्हणालो असतो." मग त्यांनी विचारलं, "त्या ढिगातली उरलेली माती?"

"खड्ड्यात ढकलली. मीच सांगितलं ढकलायला."

"न चाळता?"

"हो."

"जबडा असेल का गं त्यात?"

मी मान खाली घातली. सोजरबाईंचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवत होतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. तेवढं तरी त्यांच्यापासून लपवू दे, असं वाटलं.

"सर, मी तुमच्यासाठी केलं," मी म्हणाले. "तुमचा तो माणूस... पूर उतरायची वाट बघणारा... तुम्ही इतके आनंदात होता. मला तो तुमच्याकडून हिरावून घेववेना."

सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. अंगठा त्या दातावरून फिरत होता, आपोआप. मग त्यांनी मान वर केली.

"कुंदा, मला माणूसच हवा होता, असं तुला का वाटलं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागानं विचारलं असतं तर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. पण त्यांना खरंच उत्तर हवं होतं. दहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीला आपण असे वाटलो तरी कसे, एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यांना फक्त तिथं कोण होतं ते हवं होतं. माणूस असता तर माणूस, साळिंदर तर साळिंदर. नदीकाठानं तीन उन्हाळे ते स्वतःची चूकच शोधत फिरत होते, आणि ती माझ्या साड्यांखाली होती.

उत्तर माझ्याकडे होतं. माणूस मला हवा होता. त्या हाडाचा छेद काढायला बसले तेव्हा रेघांच्या तळाशी चुना होता आणि तळ दिसत नव्हता. जे दिसत नाही तिथं तुटक रेघ काढायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी अखंड रेघ काढली, टोकदार. तशी ती सुंदर दिसत होती. सरांनी कधीच सांगितलं नव्हतं तसं काढ म्हणून. त्यांना दिसतच नव्हतं. मी काढलं ते त्यांनी बघितलं आणि त्यावर पाचवं प्रकरण उभं केलं. दात सापडला त्या दुपारी, सरांचं काय होईल हे मनात येण्याच्या आधी, माझ्या अखंड रेघेचं काय होईल हे आलं होतं.

हे मला सांगायचं होतं. तोंड उघडलं, पण रडूच आलं. सर थांबले. मी बोलेन म्हणून ते बराच वेळ थांबले, मान जराशी पुढे करून, ऐकू येईल अशा बेतानं. मग त्यांनी दात काड्यापेटीत ठेवला, पेटी माझ्या पर्समध्ये सरकवली, आणि पर्सची चेन स्वतः लावली.

"बरं," ते म्हणाले. "राहू दे."